विश्लेषण : पंचवटीत इमारतीचा आकार कोण ठरवतं? सिंहस्थाच्या तोंडावर आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांपुढचा खरा प्रश्न

इन्स्टाग्रामवर 'आर्किटेक्चर थिसिस' असं शोधून बघा. कमळाच्या पाकळ्यांसारखी छतं, लाटेसारख्या भिंती, काचेचे मनोरे आणि पांढऱ्याशुभ्र मॉडेलवरून फिरणारा कॅमेरा. लाईक भरपूर, कमेंटमध्ये 'वाह' आणि 'कधी बांधणार?'

आता यातलीच एखादी इमारत पंचवटीत रामकुंडाजवळ उभी केली तर काय होईल? ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढेल, गोदावरी पायऱ्या चढून वर येईल. पर्वणीच्या दिवशी गल्लीबोळांतून लाखो माणसं नदीकडे उतरतील. ते सुंदर छत या दोन्ही गोष्टींसाठी तयार असेल का?

नाशिक पुन्हा एकदा सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत आहे. रस्ते, घाट, पूल, निवारे यांची चर्चा रोज होते. पण या सगळ्याला आकार कसा द्यायचा, हे जिथे शिकवलं जातं त्या आर्किटेक्चरच्या स्टुडिओची चर्चा क्वचितच होते. विद्यार्थी इमारतीचा आकार नेमका कसा शोधतात? आणि पंचवटीसारखी जागा त्यांना काय शिकवू शकते?

हा विषय आत्ताच का?

जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला ध्वजारोहण होणार आहे. नाशिकमधली तीन अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत. ध्वज उतरेल तो २४ जुलै २०२८ रोजी.

या तारखांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही स्नानं ४० दिवसांच्या आत आहेत आणि तिन्ही ऐन पावसाळ्यात आहेत. प्रयागराजचा कुंभ थंडीत भरतो. पावसाळा संपून गंगा मागे सरकली की जी कोरडी वाळू उघडी पडते, तिच्यावर तिथलं तंबूंचं शहर वसतं. नाशिकमध्ये उलट आहे. गर्दी सर्वांत जास्त असते, तेव्हाच नदीही सर्वांत जास्त भरलेली असण्याची शक्यता असते. शिवाय पंचवटी ही मोकळी वाळू नाही. ती दाट, जुनी, माणसांनी भरलेली वस्ती आहे.

म्हणजे प्रयागचा नमुना उचलून इथे ठेवता येत नाही. नाशिकला स्वतःचं उत्तर शोधावं लागतं.

आर्किटेक्चरचे विद्यार्थी 'फॉर्म' शोधतात म्हणजे काय करतात?

भारतात बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार स्थापन झालेली वास्तुकला परिषद त्याचे किमान निकष ठरवते. नाशिकमध्येही आर्किटेक्चरची महाविद्यालयं आहेत, त्यामुळे पंचवटी हा तिथल्या विद्यार्थ्यांसाठी घराजवळचाच अभ्यासविषय आहे.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. पहिल्या वर्षी साधारणपणे ठोकळ्यांपासून सुरुवात होते. घन घ्यायचा, त्यातून तुकडा कापायचा, दुसरा जोडायचा, प्रकाश कुठून येतो ते बघायचं. मग छोटं घर, पुढे शाळा, बाजार, गृहसंकुल असं करत शेवटच्या वर्षी स्वतः निवडलेल्या विषयावर थिसिस. प्रत्येक टप्प्याला ज्युरी असते. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारतात आणि विद्यार्थ्याला आपल्या प्रत्येक रेषेचं कारण द्यावं लागतं.

या प्रवासात 'फॉर्म' म्हणजे इमारतीचा एकूण आकार दोन वाटांनी येतो. एक वाट चित्राची : आधी प्रतिमा सुचते, मग तिच्यात खोल्या बसवल्या जातात. धार्मिक ठिकाण म्हटलं की कमळ, कलश, शंख, ओंजळ ही ठरलेली यादी. दुसरी वाट प्रश्नाची : इथे पाणी किती चढतं, वारा कुठून येतो, माणसं किती आणि कशी चालतात, हे आधी मोजायचं आणि त्यातून आकार घडू द्यायचा.

दुसऱ्या वाटेचं प्रसिद्ध उदाहरण मुंबईत आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेली 'कांचनजंगा' इमारत. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तो व्हरांडाच दुमजली उंचीच्या कोपऱ्यातल्या गच्चीच्या रूपात उंच इमारतीत नेला. बाहेरून दिसणारे ते मोठे कोरीव कोपरे हवामानाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहेत.

पंचवटीत दुसरी वाट धरली तर पहिला प्रश्न नदी विचारते.

नदी काय सांगते?

समजा, तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीला स्टुडिओत विषय मिळाला : घाटाजवळ २०० यात्रेकरूंसाठी निवारा. तिनं पहिल्या आठवड्यात कमळाचं मॉडेल केलं. दुसऱ्या आठवड्यात ती जागेवर गेली.

तिथे तिला दुतोंड्या मारुती दिसेल. नाशिककर पुराची पातळी आकड्यांत कमी आणि या मूर्तीवर जास्त मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी बातमी शहरभर पसरते. जवळच १७४७ मध्ये बांधलेलं नारोशंकराचं मंदिर आहे. दगडी तटबंदी, कोपऱ्यांवर छत्र्या आणि ती प्रसिद्ध घंटा. गोदावरीचे असंख्य पूर या मंदिरानं अंगावर घेतले आहेत. पाणी येणार हे गृहीत धरूनच ते इतकं जड आणि भक्कम बांधलं असावं, असं त्याच्याकडे पाहून वाटतं.

आजच्या नियमांत हेच शहाणपण पूररेषांच्या रूपात येतं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधनं असतात. दोन रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी मिळते.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. '२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढची २५ वर्षं निर्धास्त, असा नाही. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. दोन सिंहस्थांमध्ये १२ वर्षांचं अंतर असतं. या १२ वर्षांत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता हिशेबानं जवळपास ३९ टक्के निघते. लाल रेषेच्या पुराची शक्यताही याच काळात सुमारे ११ टक्के आहे. म्हणजे पुढच्या कुंभापर्यंत टिकावी म्हणून बांधलेली इमारत त्याआधी पाण्याखाली जाण्याची शक्यता किरकोळ नाही. सप्टेंबर २००८ चा महापूर नाशिककरांच्या आठवणीत अजून ताजा आहे.

हे कळल्यावर त्या विद्यार्थिनीचं कमळ बदलतं. तळमजल्यावर बंद खोल्या राहत नाहीत. पाणी आडवणाऱ्या लांब भिंती जातात, पाण्याला वाट देणारे खांब येतात. विजेची जोडणी वर सरकते. झोपण्याची जागा उंच जोत्यावर जाते.

गर्दी काय सांगते?

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीतल्या सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३० हून अधिक भाविकांचा जीव गेला. रामकुंडाकडे जाणारा तो रस्ता अरुंद आणि उताराचा होता. अशा घटनांमागे अनेक कारणं एकत्र येतात, पण जागेचा आकार हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण असतं.

का, ते एका साध्या हिशेबातून कळतं. ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जाऊ शकतात असं धरलं जातं. पायऱ्यांवर हाच आकडा ६६ वर येतो.

आता सहा मीटर रुंदीची गल्ली घ्या. तिच्यातून मिनिटाला ४९२ माणसं पुढे येतील. गल्लीच्या टोकाला तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्या असतील तर त्यांवरून ३९६ माणसंच उतरू शकतील. उरलेली ९६ माणसं दर मिनिटाला तोंडाशी साचत जातील. दहा मिनिटांत ९६०. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नाही, त्यामुळे ते चालतच राहतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं दाटली की गर्दीतल्या माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. लोंढा पाण्यासारखा हलू लागतो.

उपाय कागदावर सोपा आहे. पायऱ्या गल्लीपेक्षा रुंद हव्यात, या हिशेबानं किमान साडेसात मीटर. आणि हे आकडे धडधाकट, मोकळ्या हातानं चालणाऱ्या प्रेक्षकांसाठी आहेत. डोक्यावर गाठोडं, हाताला नातवंड आणि ओले कपडे असलेल्या आजीसाठी वाट आणखी सैल हवी. येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा हवा. मध्येच बाजूला होऊन थांबता येईल अशी जागा हवी.

पंचवटीतल्या जुन्या बांधकामात अशी जागा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेल्या काळाराम मंदिराचं आवार बघा. मोठं मोकळं पटांगण आणि त्याच्या कडेनं ओवऱ्या. उन्हापावसात टेकायला, गर्दीतून बाजूला व्हायला, चुकलेल्या माणसाची वाट बघायला या ओवऱ्या उपयोगी पडतात.

याच मंदिराचे दरवाजे आणखी एक धडा देतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हेच दरवाजे बंद केले गेले. वाट कितीही रुंद असली तरी ती कोणासाठी उघडी आहे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्यालाही टाळता येत नाही. आज तो प्रश्न व्हीलचेअरवरच्या भाविकाचा आहे, कपडे बदलायला आडोसा शोधणाऱ्या बाईचा आहे, आणि कुंभ संपल्यावरही तिथेच राहणाऱ्या पंचवटीकराचा आहे.

कायमचं बांधायचं की तात्पुरतं?

सिंहस्थाच्या तयारीतला हा सर्वांत मोठा वाद आहे. कायमच्या बांधकामाच्या बाजूनं म्हणणं असं : खर्च होणारच आहे, तर शहराच्या हाती काही तरी उरावं. विरोधातलं म्हणणं : काही दिवसांच्या गर्दीसाठी नदीकाठ काँक्रीटनं भरला तर पुढची १२ वर्षं त्याचा भार नदीला आणि रहिवाशांना सोसावा लागतो.

तपोवनातल्या झाडांचा प्रश्न इथूनच आला. साधुग्रामसाठी तिथल्या १,७०० हून अधिक झाडांवर कुऱ्हाड येणार अशी बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये बाहेर पडली आणि नाशिकमध्ये हरकती, आंदोलनं सुरू झाली. पाच वडांवरून ज्या जागेला पंचवटी हे नाव पडलं असं मानतात, तिथेच झाडांचा वाद व्हावा, यावर सोशल मीडियावरही भरपूर लिहिलं गेलं.

पण या वादात एक प्रश्न मागे राहिला : साधुग्रामचा आराखडा झाडं धरून आखला तर तो कसा दिसेल? चौकोनी प्लॉट आणि सरळ रस्ते हीच एक मांडणी नसते. झाडांच्या जागा मोजून, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत तंबूंचे गट बसवता येतात का? किती कमी बसतील? रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी कुठून जाईल? याचं उत्तर भाषणातून मिळत नाही. ते नकाशा काढूनच मिळतं. स्टुडिओसाठी यापेक्षा चांगला विषय शोधून सापडणार नाही.

तात्पुरतं म्हणजे कच्चं, हाही गैरसमज आहे. मुंबईचे वास्तुविशारद आणि हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक राहुल मेहरोत्रा यांच्या सहभागानं हार्वर्डच्या संशोधकांनी आणि विद्यार्थ्यांनी २०१३ च्या प्रयाग कुंभाचा अभ्यास केला. ५५ दिवसांचं ते प्रचंड शहर बांबू, दोरी, कापड, पत्रे आणि खिळे-स्क्रू अशा मोजक्या वस्तूंतून उभं राहिलं होतं. हे सगळं सुटं होतं, हातानं उचलता येत होतं आणि मेळा संपल्यावर पुन्हा वापरात जात होतं.

हे ज्ञान महाराष्ट्रात परकं नाही. गणपतीचा मांडव घालणारे, वारीच्या मुक्कामाला तंबू ठोकणारे, आठवडे बाजारात दहा मिनिटांत पाल उभारणारे हात गावोगावी आहेत. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजारच बघा. सकाळी रिकाम्या असलेल्या जागेवर पालं उभी राहतात आणि रात्री ती जागा पुन्हा रिकामी होते. पूर आला तर वाचवायला तिथे भिंतच नसते. पावसातल्या नाशिकसाठी यात दोन बदल लागतील : जमिनीपासून उचललेली तळफळी आणि जास्त उताराचं, घट्ट ताणलेलं छत. आपल्या विद्यार्थिनीच्या मॉडेलमध्ये आता दगडी जोतं कायमचं राहील आणि वरचा बांबूचा सांगाडा उतरवता येईल. कुंभ नसताना त्याच जोत्यावर बाजार भरेल, मुलं खेळतील.

विद्यार्थ्यांचे असे प्रयोग खरंच कुठे पोहोचतात का?

नाशिकमध्येच याचं उदाहरण आहे. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकारानं २०१४ पासून 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक आणि अधिकारी एकत्र बसून २०१५ च्या सिंहस्थाचे प्रश्न सोडवू लागले. तात्पुरती घरं, स्वच्छता, अन्नवाटप, साथींवर लक्ष आणि गर्दीचं मोजमाप असे विषय होते. त्यातूनच पावलं मोजणारी चटई तयार झाली. तिच्यावरून किती माणसं गेली हे कळतं, म्हणजे कुठे दाटी होतेय याचा इशारा वेळेत देता येतो. तिच्यामागे नाशिकची शाळकरी मुलं होती.

दुसरा उपयोग कमी गाजतो, पण तितकाच मोलाचा आहे : जुन्या वास्तूंची मोजमापं घेऊन नकाशे काढणं. हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या 'नासा' या देशव्यापी संघटनेची लुई कान ट्रॉफी खास दस्तऐवजीकरणासाठीच दिली जाते. जुन्या नाशिकात आणि पंचवटीत दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात आणि काही वाडे कोसळतात. ओटा, दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर ही रचना भुईसपाट झाल्यावर तिचा पुरावा म्हणून अनेकदा विद्यार्थ्यांनी काढलेले नकाशेच उरतात.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. सत्र साधारण चार-पाच महिन्यांचं, तर शहराची कामं काही वर्षांची. ज्युरी संपली की मॉडेल कपाटावर जातं. पुढच्या वर्षीची तुकडी तीच जागा पुन्हा मोजायला सुरुवात करते.

दुसरी जबाबदारीची. विद्यार्थ्याच्या नकाशावर थेट बांधकाम होऊ शकत नाही आणि होऊही नये. नोंदणीकृत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, अग्निशमन दल यांची मंजुरी लागते. लाखोंच्या गर्दीत 'प्रयोग म्हणून' काही उभं करणं धोक्याचं आहे, हे प्रशासनाचं म्हणणं रास्त आहे.

तिसरी अडचण स्टुडिओचीच आहे. सॉफ्टवेअर आणि आता एआयमुळे देखणं चित्र काही मिनिटांत मिळतं. पण त्या चित्राला पुराची पातळी माहीत नसते, गल्लीची रुंदी माहीत नसते. चित्र आधी आलं की प्रश्न विचारायचे राहून जातात.

पुढे काय?

२०२७ च्या सिंहस्थाचे मोठे निर्णय आता स्टुडिओच्या हातात नाहीत. तरीही विद्यार्थ्यांना करण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक गल्लीची आणि पायऱ्यांची रुंदी मोजून नकाशा करणं, झाडांची जागेसह नोंद ठेवणं, स्नानाच्या दिवशी गर्दी प्रत्यक्षात कुठे अडते ते टिपून ठेवणं. महाविद्यालयांनी ही माहिती एकत्र केली आणि महापालिकेनं ती मागितली, तर दर वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

२००३, २०१५, २०२७ या क्रमानं पुढचा सिंहस्थ २०३९ च्या आसपास येईल. २०२६ मध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी मुलं तोपर्यंत तिशीत पोहोचलेली असतील आणि अनुभवी वास्तुविशारद म्हणून काम करत असतील. त्यांच्यातलेच कोणी घाटाचा आराखडा काढतील, कोणी महापालिकेत बसून तो मंजूर करतील. त्यांनी आज पंचवटीत टेप लावून किती पायऱ्या मोजल्या, यावर तो आराखडा बराचसा अवलंबून असेल.